पोझिशनर

कुंभिवलीत हायवे सोडून कच्च्या रस्त्यानं आत आलं की पहिलं घर लागतं ते हिरामणचं. घराला चिकटून गोठा. गोठ्यात बैल मात्र नव्हते. बैलांच्या जागी वेल्डिंगचं मशीन होतं आणि गव्हाणीत पत्र्याचे तुकडे, नट-बोल्ट, रॉडचे रिकामे पुडे पडलेले असत. चार वर्षं झाली तरी हवा दमट झाली की शेणाचा वास वर यायचा. हिरामणची आई सोनुबाई अजूनही आल्यागेल्याला "गोठ्यात हाय तो" असंच सांगायची.

गोठ्याच्या मधोमध हिरामण उकिडवा बसे, आणि त्याच्यासमोर हातभर अंतरावर पाटावर त्याची बायको जयवंता. दोघांच्या मधे लोखंडी घोडी, तिच्यावर फिरते रूळ आणि रुळांवर आडवा पाइप. हायवेपलीकडच्या कंपनीतून असे पाइप टेंपो भरून यायचे. प्रत्येकाच्या तोंडाशी एक जाड चकती बसवून सांधा गोल गोल वेल्डिंगनं भरायचा, इतकंच काम. पण वितळलेलं लोखंड पाण्यासारखं खाली ओघळतं, म्हणून वेल्डिंग नेहमी पाइपच्या माथ्यावरच करावं लागतं, आणि हिरामणचा हात पुढे सरकेल तसा खालचा पाइप फिरवावा लागतो. तो जयवंता फिरवायची.

तोंडाला ओला फडका, डोळे मिटलेले, मान उजव्या खांद्यावर वळवलेली, आणि दोन्ही हात पाइपवर. सुरुवातीला हिरामण सांगायचा, "फिरव... हळू... र्‍हा." वर्षभरात सांगणं बंद झालं. कढईत मासळी तळताना येतो तसा आवाज वेल्डिंगचा येत असला की ठीक चाललंय. तो फुटला की हात थांबवायचा, बसला की सरकवायचा. डोळे मिटून ती कानानं काम करायची. तिच्या मनगटांवर ठिणग्यांचे बारीक काळे डाग पडले होते, आणि मान उजवीकडे वळायची तशी डावीकडे वळत नव्हती. अंगणात मैनाला, तिच्या चार वर्षांच्या पोरीला, हाक मारायची तर ती सगळी अंगानिशी वळायची.

कंपनीचे साहेब आठवड्यातून एकदा जीपमधून माल बघायला येत. हायवेच्या वळणावरच हॉर्न वाजवायचा, म्हणजे पोचेपर्यंत चहा तयार, अशी त्यांची रीत. पहिल्यांदा जयवंताला पाइप फिरवताना बघितलं तेव्हा ते हसले होते.

"हिरामण, मोठ्या कारखान्यात या कामाला पोझिशनर असतो. परदेशी मशीन. तुला घरबसल्या मिळालाय की रे!"

ड्रायव्हर हसला. हिरामणही हसला. त्यानंतर दर खेपेला साहेब चहाची बशी तोंडाला लावता लावता विचारत, "काय, पोझिशनर बरा आहे ना?" आणि दर खेपेला हिरामण हसून "बरा हाय सायेब" म्हणे. साहेबांच्या बोलण्याचं जयवंताला फारसं काही वाटत नसे. हिरामणच्या हसण्याचं वाटे.

*

होळी होऊन गेली आणि खालापूरहून ग्रामसेविका आल्या. जूनपासून गावात बालवाडी सुरू व्हायची होती. मारुतीच्या देवळाशेजारची खोली मिळाली होती; बाई तेवढी हवी होती, सातवी पास. गावात सातवी पास सुना दोनच, एक जयवंता आणि दुसरी पोलीस पाटलाची चिमा. ग्रामसेविकेनं दोघींना एकेक गोष्ट सांगायला लावली. चिमा पदराचं टोक चघळत उभी राहिली. जयवंतानं कोल्ह्याची आणि करवंदांची गोष्ट अशी सांगितली, की ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं मधेच "मंग?" म्हणाली.

"तुम्हीच या," ग्रामसेविका म्हणाल्या. "सकाळी दहा ते एक. तेरा जूनला उघडायची."

त्या दिवशी जेवताना जयवंतानं विषय काढला. हिरामण भात कालवत राहिला.

"दहा ते एक," तो शेवटी म्हणाला. "आन लाइट कदी असती?"

ते जयवंतालाही माहीत होतं. गावाला धड वीज नऊला यायची आणि दोनला जायची. मग रात्रीपर्यंत दिवे नुसते लाल तारेसारखे. टेंपो दोनच्या ठोक्याला माल न्यायला दारात. सगळं काम त्या पाच तासांत उरकायचं, आणि बालवाडी नेमकी त्यातच.

"जाऊ दे की रं तिला," सोनुबाई म्हणाली. "दुसरं मानूस बग कोन."

दुसरं माणूसही बघून झालं. शेजारचा कमळ्या दोन दिवस पाटावर बसला. अंगानं धट्टाकट्टा गडी. पण रहाट ओढल्यासारखा पाइप ओढायचा, ठिणगी उडाली की सोडून द्यायचा. कंपनीत पाणी भरून पाइप तपासले तेव्हा त्यातले सात पाझरले. ते सात पाइप साहेबांनी टेंपोतून अंगणात टाकायला लावले आणि निरोप धाडला, असंच करायचं असेल तर काम दुसरीकडे देतो. जयवंता पुन्हा पाटावर जाऊन बसली. 

पण दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा हिरामणनं स्वतःच विचारलं, "सायेब, त्यो पोझिशनर दिसतो तरी कसा?"

"कशाला? घेतोस काय?" साहेबांनी हवेत बोट फिरवलं. "एक चकती. गोल फिरते, सावकाश. तिला जॉब, म्हणजे पाइप, बांधायचा. बस."

साहेब गेले. हिरामणनं रुळावर हात ठेवला आणि तो बोटभर फिरवून बघितला.

"चकती फिरवायची, एवडंच ना," तो म्हणाला. "तेरा जूनच्या आत करतो बग."

तिनं मान वर केली नाही, पण हातातला पाइप मात्र नको तेवढा फिरला आणि हिरामणनं "अगं, र्‍हा!" म्हणून ओरडायला आणि तिला हसू फुटायला एकच गाठ पडली.

*

हायवेवर लडकूचा भंगाराचा अड्डा होता. बोरघाटात जी गाडी कलंडे, ती शेवटी लडकूकडे येई. हिरामण आणि जयवंता दोघंही गेले. तिनं यायचं काही कारण नव्हतं, पण तिचा जीव घरात राहीना.

ट्रकच्या पुढच्या चाकाचा आस, बेअरिंगांसकट. त्यावर ब्रेकचा जाड गोल ड्रम. हाच चकती व्हायचा होता. लडकूनं तो पायानं फिरवून दाखवला. बराच वेळ आवाज न करता फिरत राहिला.

"आन फिरवायला?" जयवंतानं विचारलं.

हिरामण एका चेपलेल्या ट्रकच्या टपाखाली डोकं घालून कितीतरी वेळ खुडबुड करत होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात मुठीएवढी मोटर होती, काच पुसायच्या दांड्याची.

"हिच्यात जोर बक्कळ," तो म्हणाला. "धोधो पावसात काच पुसती. आन बॅटरीवर चालती. लाइट कमी झाली तरी हिला फिकीर नाय."

लडकूनं एक जुनी बॅटरीही दिली. मोबदल्यात हिरामणनं त्याच्या दोन दरवाजांची आणि एका तराजूची वेल्डिंगं करून द्यायची ठरली.

चैत्र-वैशाख त्यातच गेला. लोक भाताच्या रोपांसाठी राब भाजत होते, सगळ्या शिवारावर धूर. आणि गोठ्याच्या पत्र्याखाली भाकरी भाजेल असा उकाडा. दोनपर्यंत कंपनीचे पाइप, वीज गेली की पोझिशनर. वीज नसताना सगळं हातानं. हातड्रिलनं भोक पाडायचं तर हिरामण छातीचा भार देऊन वर दाबायचा आणि जयवंता खालची दांडी फिरवायची. भोकातून लोखंडाचे कुरळे केस निघायचे, ते तिच्या साडीला चिकटायचे. कानशीनं घासून घासून तिच्या अंगठ्याला घट्टा आला. पण हे काम करताना मान सरळ असायची आणि डोळे उघडे. मैना बाजूला बसून ते लोखंडी केस गोळा करी.

मोटर लावली तर ड्रम गिरणीसारखा फिरायला लागला. हिरामणनं आपली सायकल सोडवली. कमळ्याची मोडकी सायकलही आणली. लहान चकतीवरून मोठ्या चकतीला साखळी, परत लहानावरून मोठ्याला. आता ड्रम सावकाश फिरू लागला, तरी अजून घाई होतीच. मग त्यानं मोटरच्या वायरीत ट्रकच्या हेडलाइटचा बल्ब मधे टाकला. बल्ब मिणमिण पेटला आणि ड्रम इतका सावकाश फिरायला लागला की तो फिरतोय हे कळायला त्यावर खडूनं रेघ मारावी लागली.

"बल्ब खातो निम्मी बॅटरी," हिरामण म्हणाला. "उरलेल्यावर मोटर चालती."

पायाखाली एक बटण बसवलं. दाबलं की फिरे, सोडलं की थांबे. जयवंतानं ते आपल्या पायानं दाबून बघितलं, सोडलं, परत दाबलं. खडूची रेघ तिच्या समोरून हळूहळू गेली, मागून फिरून परत आली. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, आणि त्यांनी काहीच करायचं नव्हतं.

पहिले दोन दिवस पोझिशनरनं सोन्यासारखं काम केलं. तिसऱ्या दिवशी ड्रममधून बारीक क्रट-क्रट आवाज येऊ लागला. चौथ्या दिवशी ड्रम फिरता फिरता मधेच अडखळे आणि मग झटक्यानं सुटे. त्या झटक्याच्या जागी वेल्डिंगला गाठ येई, आणि गाठीशेजारी सुईच्या टोकाएवढं भोक. कंपनीतून पाच पाइप परत आले. हिरामणनं आस उघडला. बेअरिंगच्या गुळगुळीत गोट्यांवर देवी आल्यासारखे खड्डे.

"लडकूनं कुजका माल दिला," तो म्हणाला.

लडकूकडून दुसरी बेअरिंगं आणली. तीही चार दिवसांत तशीच झाली. जून उजाडला. जयवंता पाटावर, मान उजव्या खांद्यावर, हात पाइपवर.  हिरामण लाथेनं बॅटरी सरकवायचा, मैनावर खेकसायचा. तेरा तारखेचं नाव कुणी काढत नव्हतं.

एकदा पाइप संपल्यावर जयवंता रुळांवरून हात फिरवत बसली होती. रुळांवर एके ठिकाणी बारीक खड्डे होते, फार जुने.

"अवो," ती म्हणाली, "पयल्यांदा आपन अर्थिंगचा चिमटा कुटं लावायचो?"

"खाली घोडीला. का?"

"तवा माज्या हाताला झिनझिन्या यायच्या. म्हनून मीच चिमटा वर, पाइपालाच लावाया लागले. तवापास्नं रूळ खराब झाले नायत." तिनं पोझिशनरकडे बोट दाखवलं. "हिथं चिमटा कुटं हाय?"

वेल्डिंगचा करंट मशीनकडे परत नेणाऱ्या वायरीचा तो चिमटा खाली लोखंडी पायाला होता. फिरत्या पाइपला लावला तर वायर गुंडाळून जाते म्हणून; हातानं फिरवताना जयवंता ती सोडवत जायची, मशीनला ते जमणार नव्हतं. हिरामण उठला, पायाला हात लावला, आसाला लावला, ड्रमला लावला. वेल्डिंगचा सगळा करंट पाइपातून ड्रममध्ये, तिथून बेअरिंगांच्या गोट्यांमधून खाली चिमट्याकडे जात होता. जाता जाता एकेक गोटी भाजत होता.

"आयला," तो म्हणाला आणि खाली बसला. "सांध्यातनं जातोय."

"त्याला वाट द्या दुसरी."

"फिरत्याला वाट कशी देनार?"

"धारवाला येतो ना," जयवंता म्हणाली, "त्याचा दगड फिरतो, सुरी जागची हलत नाय. नुसती टेकून असती."

घरात तांब्या होता, अस्सल तांब्याचा, तिच्या आईनं पोशीरहून दिलेला, बुडाला चीर गेलेला. वापरात नव्हता, पण तिनं मोडीत घातला नव्हता. हिरामण बघतच राहिला आणि तिनं तो स्वतः कात्रीखाली धरला. बोटभर रुंदीची पट्टी निघाली. तिला मागून सायकलच्या ब्रेकची स्प्रिंग लावली, म्हणजे पट्टी फिरत्या ड्रमला कायम टेकून राही. आणि अर्थिंगची वायर थेट त्या पट्टीला. नवी बेअरिंगं घातली. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. क्रट नाही, झटका नाही.

तेरा जूनला जयवंतानं डोक्यावरून पदर घेतला, मैनाचं बोट धरलं आणि ती देवळाकडे गेली.

*

अठरा पोरं होती. निम्मी रडत होती, दोन आपल्या आज्यांना घेऊन आली होती. पहिल्या आठवड्यात जयवंतानं फक्त नाकं पुसली आणि गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या आठवड्यात आकडे सुरू केले. पोरं सूर धरून म्हणत. पण एकोणिसावर येऊन अडत, सगळी तोंडं उघडी टाकून तिच्याकडे बघत. तिनं "वीस" म्हटलं की गाडी सुटे, ती पुढं एकोणतिसावर जाऊन अडे. "तीस" म्हणायलाही तीच लागे. तिला गंमत वाटायची.

रस्त्यानं जाताना पोरांच्या आया "बाई" म्हणून हाक मारत. एकदा खुद्द पोलीस पाटील म्हणाले, "बाई, आमच्या गजाला जरा धाकात ठेवा." ती घरी आली, चुलीपुढं बसली आणि उगीचच हसली. सोनुबाईनं विचारलं, काय गं झालं, तर तिला सांगता येईना.

उन्हाळाभर साहेब कंपनीतच अडकले होते, माल नुसता टेंपोनं जात होता. मग ते आले. आषाढ लागला होता, जीपची चाकं चिखलानं भरलेली. जयवंता देवळात होती. पुढचं तिला हिरामणनं सांगितलं, आणि थोडं सोनुबाईनं.

साहेब गोठ्यात शिरले आणि उभेच राहिले. हिरामण एकटाच बसलेला, समोर ड्रम फिरतोय, हेडलाइटचा बल्ब मिणमिणतोय, पाइपाभोवती नितळ गोल शिवण पडतेय. साहेबांनी तीन पाइप पाहिले, शिवणीवरून नख फिरवलं. चहा घेतलाच नाही.

"हे तू केलंस?"

"व्हय सायेब."

"वा! वा रे वा!" साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "उद्या टेंपो पाठवतो. हे कंपनीत घेऊन जाऊ. आमच्या वर्कशॉपमध्ये लावून बघतो आठ दिवस. चाललं तर तिथंच ठेवू. मग तुला हा पाइपांचा त्रासच नको."

हिरामण नाही म्हणाला नाही. काय म्हणून म्हणणार होता? पाइप कंपनीचे, रॉड कंपनीचे, आणि कंपनीनं पाइप धाडले नाहीत तर गोठ्यात परत बैल बांधायचे म्हटले तरी नांगरायला जमीन उरली नव्हती. जी होती ती हायवेखाली आणि कंपनीखाली गेली होती.

"आवो, म्हंजे मशीन बी त्यांचं आन काम बी त्यांचंच?" जयवंता म्हणाली.

"मंग काय करू? पाय धरू?"

"पाठीवर थाप मारली तवा काय म्हनलात?"

तो रॉडचे रिकामे पुडे गोळा करू लागला. ती समजली की तेव्हाही तो हसलाच असणार.

सकाळी दोघांनी पोझिशनर सोडवायला घेतला. मोटर, साखळ्या, बॅटरी सगळं तसंच. नुसता पाइप बांधायचा सांगाडा वेगळा करायचा होता. टेंपोवाला बाहेर घाई करत होता. जयवंतानं पाना घेतला, तांब्याच्या पट्टीचा नट सैल केला, स्प्रिंग काढली, पट्टी काढली आणि कमरेला खोचली.

हिरामणनं ते पाहिलं. त्याच्या हातातली साखळी तशीच राहिली.

"माज्या आयचा तांब्या हाय त्यो," ती म्हणाली. "त्यो कंपनीचा नाय."

हिरामणनं एकदा टेंपोकडे बघितलं. मग मोकळी झालेली अर्थिंगची वायर उचलली, तिचा चिमटा खाली पोझिशनरच्या लोखंडी पायाला, पहिल्या दिवशी होता तिथं, घट्ट लावून दिला. दोघांनी मिळून ते धूड उचललं आणि टेंपोत चढवलं.

*

आता पुन्हा पाट. कंपनीनं पाइप धाडायचं थांबवलं नव्हतं, कमी केले होते, पण होते ते दोनच्या आत द्यायचेच. बालवाडीत सोनुबाई जाऊन बसली. तिनं पोरांना भुतांच्या गोष्टी सांगितल्या. चौथ्या दिवशी चार पोरं यायची बंद झाली. पाचव्या दिवशी ग्रामसेविका आल्या, म्हातारीला पोरांच्या मधोमध पेंगताना पाहून सरळ गोठ्यात आल्या. हिरामणनं वेल्डिंग थांबवलं. जयवंतानं फडका काढला. तिचे डोळे लाल झाले होते. आवाज ऐकायची सवय मोडली होती आणि दोनदा तिनं नको तिथं डोळे उघडले होते.

"हे काय, बाई?" ग्रामसेविका म्हणाल्या.

"आठ दिवसांचं हाय. मशीन गेलंय दुरुस्तीला."

"मला वर लिहावं लागतं. सोमवारपर्यंत या. नाहीतर पाटलांची सून तयारच आहे."

त्या गेल्या. शुक्रवार होता. हिरामण रॉड बदलत म्हणाला, "तिकडं चांगलं चाललं आसंल तर?"

"चालू दे," जयवंता म्हणाली आणि मान उजवीकडे वळवली.  कंपनीत शिकलेली माणसं होती, मोठमोठी मशीनं होती. ज्या गोष्टी गोठ्यात कळल्या, त्या तिथं कळणार नाहीत असं कसं होईल? कुणीतरी चिमट्याकडे बघेल, हसेल, दुसरी पट्टी लावेल. मग मशीनही गेलं, पाइपही गेले, बालवाडीही गेली. शनिवार गेला. रविवारी कंपनी बंद.

सोमवारी नऊला टेंपो आला. माल न्यायची वेळ नव्हती. मागोमाग जीप.

"उतरव रे तो कचरा," साहेब जीपमधूनच म्हणाले. टेंपोवाल्यानं आणि ड्रायव्हरनं पोझिशनर ढकलला. तो चिखलात आडवा पडला, ड्रमची कड जमिनीत रुतली. बल्ब फुटला होता.

"चार दिवसांत बेअरिंग गेलं. अकरा पाइप बाद! मोठ्या साहेबांसमोर मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." साहेबांचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. कमळ्या, सोनुबाई, हायवेवरचा पंक्चरवाला, सगळे बघत होते. "भंगार गोळा करून मशीन होत नसतं, हिरामण. आपण आपली पायरी ओळखावी."

हिरामण मान खाली घालून उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. एक शब्द बोलला असता तर सगळं सांगितलं गेलं असतं: करंट, गोट्या, पट्टी, तिचा तांब्या. जयवंताला त्याचा जबडा हलताना दिसला. त्यानं गिळलं. आजवर ती त्याच्यावर कधी एवढी खूश झाली नव्हती, आणि तिला रडूही येत होतं.

"चुकलं सायेब," तो म्हणाला.

"पूर्वीसारखं काम कर. हातानं. उद्यापासून पाइप पूर्वीइतके येतील."

जीप वळली. ती दिसेनाशी झाली तशी जयवंता आत गेली, देवाच्या फळीवर ठेवलेल्या चिरलेल्या तांब्यात हात घालून पट्टी काढून आणली, हिरामणच्या हातावर ठेवली आणि पायांचा चिखल न धुताच देवळाकडे पळाली. दहा वाजायला आले होते. ग्रामसेविका ओट्यावर चिमाशी बोलत बसल्या होत्या.

*

लडकूकडून बेअरिंगं आणली, बल्ब आणला. पोझिशनर पूर्वीसारखा फिरू लागला. पण आता एक गोष्ट बदलली होती. जे मशीन कंपनीत चार दिवसांत मोडलं ते गोठ्यात कसं चालतं, असं साहेबांनी एकदा विचारलं की सगळंच गेलं. म्हणून गोठ्याच्या कोपऱ्यात पोझिशनर, त्याच्याजवळ झाकायला चार रिकामी पोती घडी करून. आणि मधोमध जुनी घोडी, रूळ आणि पाट जागच्या जागी.

साहेबांची हॉर्न वाजवायची रीत होती हे नशीब. वळण ते घर, जीपला चिखलातून पाच मिनिटं लागत. देवळापासून गोठा, पळत गेलं तर तीन.

श्रावणातला मंगळवार. पोरं आता पन्नासपर्यंत आली होती; वीस आपलं आपण म्हणत, पण तीस, चाळीस अजून तिनंच सांगावं लागे. जयवंता फळ्यावर बदक काढत होती आणि वळणावर हॉर्न वाजला. तिनं खडू ठेवला.

"आकडे म्हना. मी आलेच. कुनी भायेर जायचं नाय," ती म्हणाली, आणि मैनाला दारात बसवून, चप्पल हातात घेऊन शेताच्या बांधावरून धावली.

ती पोचली तेव्हा हिरामण पोती टाकत होता. तिनं फडका तोंडावर ओढला, पाटावर बसली. हिरामणनं एक अर्धा झालेला पाइप रुळांवर आणून ठेवला, ठिणगी पाडली. जीप दारात थांबली.

"चालू दे, चालू दे," साहेब म्हणाले. सोनुबाईनं चहा पुढं केला. साहेबांनी खाट पुढं ओढली आणि बसले. आज त्यांना घाई नव्हती. कंपनीतल्या मोठ्या साहेबांची बदली झाली होती, त्याची हकीकत सांगायची होती. जयवंताची छाती वरखाली होत होती.

"धाप का लागलीय बाईंना?"

"हिरीवरनं पानी घिऊन आले," ती फडक्याआडून म्हणाली.

साहेबांनी तयार पाइपांवरून नख फिरवलं. पोझिशनरवरचे होते सगळे. "बघ," ते हिरामणला म्हणाले, "मी सांगत होतो ना? हात तो हात. मशीनला कुठली एवढी अक्कल! खरा पोझिशनर हाच."

ड्रायव्हर हसला. हिरामण हसला नाही. त्यानं वेल्डिंगची काळी काच तोंडासमोर धरली आणि दुसरा रॉड लावला. साहेबांनी आणखी एक कप चहा मागितला.

वारा देवळाकडून होता. रॉड बदलायला हिरामण थांबला की मधल्या शांततेत पोरांचा सूर ऐकू यायचा. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. एकोणतीस. मग काही नाही. मग पुन्हा सगळ्यांचा मिळून, एकोणतीस. थोडं थांबून, अजून मोठ्यानं, एकोणतीस!

"कसला कालवा आहे?" साहेबांनी विचारलं.

"बालवाडी हाय सायेब," हिरामण म्हणाला आणि घाईनं ठिणगी पाडली.

जयवंतानं मान उजव्या खांद्यावर वळवली, डोळे मिटले. हातांनी पाइप बोटभर पुढं सरकवला. वेल्डिंगच्या चरचराटात फडक्याच्या आत ती हळूच "तीस" म्हणाली, आणि साहेब उठायची वाट बघत पाइप फिरवत राहिली.